नभोवाणी आणि खेड्यांतील श्रोतृमंडळें

वाकोल्यास लागून असलेल्या कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या एकाच विभागांत वृत्तपत्रविद्या आणि संज्ञापन या दोहोंचें अध्यापन होतें. बातमीदार, नभोवाणीकार आणि समाजशास्त्रज्ञ यांनीं एकमेकांचें ऐकून घ्यावें, यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत या सहकार्याची खरी कसोटी लागली ती 1956 सालीं, आणि तीहि खेड्यापाड्यांत.

खेड्यांतून सार्वजनिक रेडिओ-संच बसूं लागले होते. पण त्यावरील भाषण ऐकून शेतकरी कांहीं शिकतो, कीं केवळ गाण्यांपुरताच थांबतो, हें कोणीच मोजून पाहिलें नव्हतें. भाषण देणाऱ्यास आपलें भाषण उत्तमच झालें असें वाटणें हा मनुष्यस्वभावच आहे! कॅनडांत 1941 पासून शेतकऱ्यांचीं मंडळें एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. तोच प्रयोग युनेस्कोच्या साह्यानें येथें करावयाचें ठरलें.

कामाची वांटणी मोठी विचारपूर्वक झाली. आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें कार्यक्रम रचावे. मुंबई राज्य सरकारच्या संघटकांनीं गांवोगांव मंडळें उभारावीं. आणि फळ काय मिळालें याचा निवाडा चेंबूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें करावा. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे सनदी अधिकारी खरे, पण हिंदींतील नामांकित नाटककारहि. संशोधनाची धुरा पॉल न्यूराथ यांनीं वाहिली. व्हिएन्नाचे हे गृहस्थ डाखाउ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून सुटून अमेरिकेंत गेले आणि कोलंबिया विद्यापीठांत समाजशास्त्रज्ञ झाले. असा मनुष्य नाशिक-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या बैठकींचा अभ्यास करतो, हा योग विलक्षणच.

पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांत सुमारें दीडशें मंडळें निघालीं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत आठवड्यांतून दोनदां, सायंकाळीं अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं मंडळींची चर्चा सुरू होई. शंका उरल्या तर त्या टिपून पुण्यास धाडीत, आणि उत्तरें पुढील कार्यक्रमांतून मिळत. लेखकास आपल्या वाक्याचें शेतांत काय झालें हें आठवड्या-पंधरवड्यांत कळूं लागलें. एरव्हीं तें वर्षानुवर्षें कळत नसे.

संशोधकांनीं तीन प्रकारचीं गांवें निवडलीं होतीं: मंडळ असलेलीं, रेडिओ असून मंडळ नसलेलीं, आणि दोन्ही नसलेलीं. प्रयोगापूर्वीं व नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गांवीं ज्ञानांत स्पष्ट वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं ती अगदींच थोडी होती. कित्येक मंडळांनीं चर्चेवर न थांबतां विहिरी खोदल्या, जातिवंत वळू आणले, बालवाड्या काढल्या.

नभोवाणीकारांस हा निकाल थोडा बोचलाच असणार. कारण त्यांचा आवाज एकटा पुरेसा नाहीं, असें तो स्पष्ट सांगत होता. तरी माथुर यांनीं तो दडपला नाहीं. उलट न्यूराथ यांच्यासह त्यांनीं लिहिलेला अहवाल युनेस्कोनें 1959 सालीं पॅरिसहून प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं आकाशवाणीनें हीं मंडळें देशभर काढावयास आरंभ केला.