वर्दी आणि सोवळे

मराठीत ‘वर्दी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. आग लागली की अग्निशामक दलाला वर्दी मिळते, ती सूचना. हवालदाराच्या अंगावर असते तीही वर्दी. हा अर्थ हिंदीच्या वाटेने आलेला. वर्गात ही गंमत सांगून आम्ही पुढे जात असू. पण साथीच्या काळात लोकांच्या घरात शिरणाऱ्या पथकांच्या वेशाचा पुण्यापुरता इतिहास पाहू लागलो, तेव्हा हे दोन अर्थ फारसे दूर नाहीत असे लक्षात आले. अशा वेशाला दोन कामे करावी लागतात. घालणाऱ्याच्या देहाचे रक्षण हे एक, आणि दारात कोण उभे आहे याची घरातल्यांना वर्दी देणे हे दुसरे. पुण्यात ही दोन्ही कामे एकाच वेशाने केल्याचे फारसे आढळत नाही.

१८९७ च्या प्लेगपासून सुरुवात करणे भाग आहे. रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च ते मे या काळात पुण्यात घरतपासणी केली. लपवलेले रुग्ण आणि प्रेते शोधणे, रुग्णांना प्लेगच्या इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत हलवणे, घर रसायनांनी धुऊन काढणे, असे ते काम होते. म्हणजे काम वैद्यकीय. ते करायला आले मात्र सोजीर. अंगात लष्करी पोशाख, पायांत बूट. समितीवर बेव्हरिज हा लष्करी डॉक्टर होता आणि हाँगकाँगच्या १८९४ च्या साथीचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, हे खरे. पण दार उघडणाऱ्या माणसाला बेव्हरिज दिसत नव्हता, बूट दिसत होते.

सदाशिव पेठेतला जुना वाडा डोळ्यांपुढे आणला म्हणजे त्या बुटांचा अर्थ कळतो. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. आत जावे तसतशी प्रवेशाची अट कडक होत जाते. ओसरीवर परका बसू शकतो, माजघरात आप्त. स्वयंपाकघरात आणि देवघरात सोवळ्याशिवाय पाऊल नाही. वाड्याची ही उतरंड म्हणजे वेशांचीच उतरंड. ती सगळी ओलांडून सोजीर बुटांसकट थेट आत गेले. तपासणीतील वर्तनाबद्दल जे आक्षेप त्या काळी घेतले गेले, त्यांपैकी काही सिद्ध झाले नाहीत. विलायतेत केलेले आरोप गोखल्यांना पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले व माफी मागावी लागली. पण देवघरातल्या बुटांना वेगळा पुरावा लागत नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते सर्वांना पाठ आहे. त्यात इथे शिरत नाही.

सोवळ्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. मुकटा, पीतांबर, धाबळी किंवा धुऊन कोणाचा स्पर्श न होता वाळलेले सुती वस्त्र. ते उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे, काठीनेच काढायचे, नेसल्यावर कोणाला शिवायचे नाही, शिवल्यास पुन्हा स्नान. २०२० साली रुग्णालयांत पीपीई किट घालण्याउतरवण्याचे तक्ते भिंतींवर लागले, तेव्हा आमच्यापैकी काहींना आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. कशानंतर काय उतरवायचे, प्रत्येक पायरीनंतर हात कसे धुवायचे, बाहेरच्या बाजूला कुठे स्पर्श करायचा नाही. मग कोणीतरी लगेच म्हणाले, पाहा, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते! हे म्हणणे आम्हांला मुळीच मान्य नाही. किट जंतूला भिते, सोवळे माणसाला भीत होते. स्पर्श कोणाचा, यावर सोवळे मोडे. आजार आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

याच पुण्यात वस्त्राचा आणखी एक इतिहास आहे. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना अंगावर शेणमाती फेकली जाई, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे ठेवीत असे सांगितले जाते. शहरातल्या सभ्य माणसांपासून बचाव करण्यासाठी बाळगलेले ते लुगडे आमच्या मते पुण्यातले सर्वांत बोलके संरक्षक वस्त्र होय. १८९७ च्या साथीत त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णवाहिका, परिचारिका आणि पथक, सारे एकाच देहात. गणवेश नव्हता. पण दारात कोण आले आहे हे त्या मुलाच्या घरी कोणाला विचारावे लागले नसेल.

त्या वर्षी नेमके कशापासून जपायचे हेच कोणाला नीट माहीत नव्हते. प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, आणि त्यालाही मान्यता मिळायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या बुटांनी देवघर बाटले, त्यांनीच पिसवांपासून सोजिरांचे थोडेफार रक्षण केले असणे शक्य आहे, आणि तेही कोणाच्या ध्यानीमनी नसताना! फुप्फुसाच्या प्लेगाची गोष्ट वेगळी. तो श्वासातून पसरतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड व कापूस यांचा मुखपट्टा वापरायला लावला. मेस्नी या फ्रेंच डॉक्टरने तो नाकारला आणि काही दिवसांतच तो प्लेगने मेला. आजच्या मास्कच्या वंशावळीत या मुखपट्ट्याला मानाचे स्थान आहे.

कायदा हेही एक वस्त्रच. साथरोग अधिनियम १८९७ च्या फेब्रुवारीत झाला. त्याच्या चौथ्या कलमाने सद्भावनेने कृती करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा पुन्हा लागू केला. आणि एप्रिलमध्ये वटहुकूम काढून त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा घालावी लागली. एकशे तेवीस वर्षांनीही दारात आलेल्या माणसाला घरातल्यांपासून संरक्षण लागत होते.

पीपीई किटने पहिले काम चोख केले. न विणलेले कापड, त्यावर प्लास्टिकचा थर, शिवणींवर चिकटपट्टी. कृत्रिम रक्त आत झिरपते का हे कोइमतूरच्या प्रयोगशाळेत तपासून मगच ते मान्य होई. पण त्यात माणूस नाहीसा झाला. १०८ च्या गाडीतून डॉक्टर येतो हे महाराष्ट्राला २०१४ पासून ठाऊक होते. आता चालक कोण, डॉक्टर कोण, बाई की पुरुष, काहीच कळेना.

ऑगस्ट २०२० मध्ये आमच्यापैकी एकाच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या आजींना न्यायला पथक आले. अरुंद लाकडी जिन्यावरून दोन पांढऱ्या आकृती वर आल्या. आजी भिंतीला टेकून म्हणाल्या, “कोण रे बाबा तुम्ही?”

“आजी, मी डॉक्टर आहे. घाबरू नका.”

“अगंबाई, मुलगी होय! नाव काय गं बाळ तुझं?”

त्या मुलीने उत्तर न देता पाठ वळवली. पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिले होते. आजींना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून पुतण्याने खालच्या पायरीवरून ते मोठ्याने वाचले. मग आजी खुर्चीत बसल्या आणि दोघांनी त्यांना खाली नेले.

आजी पंधरा दिवसांनी परत आल्या. त्या मुलीचे नाव त्यांना अजून आठवते. चेहरा वाड्यात कोणीच पाहिला नाही.