तळटीप : ‘पणजोबांची ११७ नंबरची पलटण’

जामखेडहून गेलेल्या पणजोबांच्या आठवणींत लेखक सगळ्यालाच ‘बसऱ्याची लढाई’ म्हणतो. बसरा मात्र नोव्हेंबर १९१४मध्येच इंग्रजांच्या हाती आला होता. ११७व्या मराठा पलटणीचे खरे हाल झाले ते कूत-अल-अमारा इथे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ती जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर तुर्की वेढ्यात होती. १०३ आणि ११० या मराठा पलटणीही तिथेच. दाणागोटा संपत आला, घोडे कापले गेले. ते मांस बहुतेक हिंदी शिपायांनी एप्रिल उजाडेपर्यंत शिवले नाही. शरणागतीनंतर वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत कितीतरी दगावले. ‘रॉयल’ हा किताब पलटणीला मिळाला तो युद्धानंतर.

— संपादक