हायटस हर्निया: टाके घातले, पुढे काय झालं?

पोट आणि छाती यांच्यामधल्या श्वासपटलात अन्ननलिकेसाठी एक वाट असते. ती सैल झाली की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. हा हायटस हर्निया. बऱ्याच जणांना मग जळजळ होते, आंबट पाणी वर येतं.

१९५१ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या फिलिप ॲलिसन यांनी या दोन्हींचा संबंध जोडला. उपाय सरळ होता: जठर खाली आणायचं, वाट टाक्यांनी अरुंद करायची. पण १९७३ मध्ये त्यांनीच वीस वर्षांचा हिशेब छापला. जवळजवळ निम्म्या रुग्णांत हर्निया किंवा आम्ल परतलं होतं! स्वतःचं अपयश असं मोजणारे सर्जन आपल्याला क्वचितच भेटतात.

दरम्यान रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये वेगळा मार्ग मांडला होता. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा, म्हणजे झडप तयार होते. १९९१ पासून हेच दुर्बिणीतून होऊ लागलं.

तरी वाट पुन्हा सैल होतच होती. मग जाळी आली. अमेरिकेतल्या एका चाचणीत डुकराच्या आतड्यापासून केलेल्या जाळीने सहा महिन्यांत पुनरावृत्ती २४ वरून ९ टक्क्यांवर आणली. २०११ मध्ये दीर्घकाळाचे आकडे आले, तेव्हा दोन्ही गटांत ती निम्म्याहून जास्त होती. त्रास मात्र बहुतेकांचा कमीच राहिला.

म्हणून नवं तंत्र ऐकलं की आपण आधी विचारावं: रुग्णांना किती वर्षांनी तपासलं?