दान, शाप आणि खिदमतमाश

दान देताना शाप का द्यावा लागतो? नांदेड-लातूर परिसरातील मध्ययुगाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

देगलूर तालुक्यातील होट्टल हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरांचे गाव. त्या काळच्या दानलेखांचा साचा ठरलेला असे. देवाचा अंगभोग व रंगभोग, नंदादीप, मठातील तपस्व्यांचे भोजन आणि मंदिराची डागडुजी यांसाठी अमुक निवर्तने जमीन, घाण्यामागे इतके तेल. हे सारे चंद्रसूर्य असेपर्यंत. आणि शेवटी शाप : हे दान हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल.

युरोपात इ.स. 910 मध्ये अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने क्लूनीच्या मठाला जमीन दिली. त्या सनदेतही दान मोडणाऱ्याला विश्वासघातकी जुडासच्या पंगतीला बसवले आहे. भाषा निराळी, भीती एकच : उद्याचा सत्ताधीश. शाप हा श्रद्धेचा असतो तितकाच अविश्वासाचाही पुरावा असतो.

पुढची वाट मात्र वेगळी झाली. युरोपातले चर्च ही एकसंध संस्था होती. पिकाचा दशमांश तिला मिळे. धर्मगुरू अविवाहित, त्यामुळे वारसांत वाटणी नाही. आत गेलेली जमीन बाहेर येत नसे, म्हणून अशा मालकीला ‘मृत हात’ म्हणत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1279 मध्ये अशा दानांवर कायद्याने बंदी घातली. आठव्या हेन्रीने तर 1536 ते 1540 या काळात मठच बंद करून जमिनी ताब्यात घेतल्या. मठाच्या दारी मिळणारी भिक्षा आणि आसराही त्याबरोबर गेला.

आपल्याकडे प्रत्येक देऊळ स्वतंत्र होते. जमीन सेवेला बांधलेली आणि सेवा घराण्याला. गुरव, पुजारी, वाजंत्री यांची पोटे तिच्यावर चालत. राजवटी बदलल्या, कित्येक जुनी दाने लुप्त झाली. पण सेवेसाठी जमीन देण्याची रीत टिकली. निजामाच्या दफ्तरात तिला फारसी नाव मिळाले, खिदमतमाश : सेवेबद्दलची उपजीविका. देवळाची दिवाबत्ती असो वा दर्ग्याची, शब्द एकच. व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश.

निजामाची राजवट संपल्यावर 1952 चा अतियात चौकशी कायदा आला, पाठोपाठ 1954 चा इनामे रद्द करणारा हैदराबाद कायदा. त्यातून धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळली गेली. म्हणून मदतमाश आणि खिदमतमाश यांचे रस्ते येथे फुटले : पहिली शासनाच्या कक्षेत आली, दुसरी देवाच्या नावे राहिली. कसणारे मात्र सेवेकऱ्यांचे वंशज किंवा त्यांच्याकडून घेतलेले लोक. पुढे शहरे वाढली आणि अशा शेतांवर वस्त्या उभ्या राहिल्या.

आज वाद चालतो तो मालकीचा, नजराण्याचा, सातबाऱ्यावरील नोंदीचा. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचा हक्क खरा आहे. घर बांधून बसलेल्याची चिंताही खरी आहे. परंतु मूळ दात्याने जमीन दिली होती ती दिव्याच्या तेलासाठी, अन्नासाठी, डागडुजीसाठी. हेन्रीच्या इंग्लंडात जमिनीचा हिशेब चोख झाला आणि दारातल्या भुकेल्याचा राहून गेला. खिदमतमाशचा निवाडा करताना जमीन कोणाची, याबरोबर खिदमत आता कोणाची, हेही लिहून ठेवावे लागेल. शाप कोणालाच अडवू शकला नाही. निदान नोंदीने तरी हे काम करावे.