बारा झुब्रांचं जंगल

आजचा एपिसोड खरं तर सोव्हिएत युनियनच्या शेवटावर करायचा होता. ८ डिसेंबर १९९१ ला रशिया, युक्रेन आणि बेलारूसचे नेते विस्कुलीतल्या एका सरकारी शिकारी बंगल्यात भेटले आणि युनियन संपवण्याच्या करारावर सह्या केल्या. मी मॅपवर विस्कुली शोधलं, तर चारी बाजूंनी हिरवं. झूम आउट केलं तरी हिरवंच. मग करार राहिला बाजूला, मी जंगलातच अडकलो.

ते जंगल म्हणजे ब्यावोव्येझा. थोडं पोलंडमध्ये, थोडं जास्त बेलारूसमध्ये, मिळून साधारण १५०० चौरस किलोमीटर. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला जंगल इतकं सपाट असू शकतं हेच आधी पटत नाही. सपाट असल्यामुळे पाणी पटकन वाहून जात नाही. नद्या रेंगाळतात, काठाला दलदल होते आणि त्यात आल्डरची झाडं मुळं बुडवून उभी असतात. थोडी जमीन वर आली की ओक, लिंडन, हॉर्नबीम, स्प्रूस. राखीव गाभ्यात पडलेलं झाड कोणी उचलत नाही. ते तिथेच कुजतं, त्यात भुंग्यांच्या अळ्या होतात, अळ्यांमागे सुतारपक्षी येतात. लांडगे, लिंक्स, बीव्हर, मूस सगळे आहेत. पण हिरो एकच, झुब्र. म्हणजे युरोपीय बायसन, आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. मोठा नर ८००-९०० किलोपर्यंत जातो.

हे जंगल टिकलं ते शिकारीमुळे, हो, शिकारीमुळेच! आधी पोलंड-लिथुआनियाच्या राजांनी आणि पुढे रशियाच्या झारांनी ते स्वतःसाठी राखून ठेवलं. इतरांनी झुब्राला हात लावायचा नाही. हे निसर्गप्रेम वगैरे नव्हतं, सरळ मालकीहक्क होता. पण त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे ७०० च्या वर झुब्र होते.

१९१५ मध्ये जर्मन सैन्य आलं. लाकडासाठी जंगलात रेल्वे घातली, आरा गिरण्या उभ्या केल्या. सैनिकांनी मांसासाठी झुब्र मारले, मग पळणाऱ्या सैन्यांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी उरलेले संपवले. १९१९ मध्ये तिथला शेवटचा गेला. ७०० वरून शून्य, चार-पाच वर्षांत! १९२७ मध्ये कॉकेशसमधलाही शेवटचा गेला आणि रानात मोकळा फिरणारा एकही झुब्र जगात उरला नाही.

उरला होता तो बॅकअप. प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कुंपणांत मिळून पन्नासेक जनावरं. १९२३ मध्ये यान श्तोल्त्समान या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसच्या परिषदेत हा विषय लावून धरला. त्यातून आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, प्रत्येक झुब्राचे आईबाप नोंदवणारी वंशावळ तयार झाली. १९२९ मध्ये ब्यावोव्येझात कुंपणाच्या आत झुब्र परत आले, १९५२ मध्ये पहिले मोकळे सोडले. २०१९ पर्यंत युरोपात मोकळे फिरणारे ६२०० च्या वर होते.

मी एकदा बॅकअपवरून डेटाबेस परत आणून निवांत झोपलो होतो. तीन आठवड्यांनी कळलं, बरीच टेबलं रिकामीच आली होती. झुब्रांचं तसंच आहे. आजचे सगळे फक्त १२ जनावरांचे वंशज, आणि सखल प्रदेशाच्या शुद्ध वंशात तर सातच. आकडा परत आला, विविधता नाही. एखादा रोग आला तर सगळे जवळपास सारखेच कमजोर.

आता एक कोल्हापूरचा धागा. १९३९ मध्ये हा भाग सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० मध्ये पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं सायबेरियाकडे हाकलली गेली, त्यात वनरक्षकांची कुटुंबं मुद्दाम निवडलेली होती. अशा हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५००० पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, पुढे वळिवड्याच्या छावणीत राहिले. पंचगंगेच्या काठी त्यांना आपलं ते थंड, ओलं रान आठवत असेल का, हे मी सारखं मनात घोळवतोय.

आणि ताजी गोष्ट. २०२२ मध्ये पोलंडने बेलारूस सीमेवर साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत बांधली, ती या जंगलातूनच जाते. झुब्र तर १९८० च्या दशकातल्या सोव्हिएत कुंपणानेच वेगळे झाले होते. आता प्रश्न लिंक्सचा आहे. पोलंडच्या बाजूला ते मोजकेच उरलेत.

विस्कुलीच्या कराराचा एपिसोड पुढच्या वेळी, नक्की.