बी, जमीन आणि अवधाण

कोरोना येऊन गेल्यापासून एक बरं झालंय. पीएचडी कशात करतेस, या प्रश्नाला ‘इम्युनॉलॉजी’ म्हटलं की जळोचीतही कुणाला पुढे समजावावं लागत नाही. अँटिबॉडी, लस, पांढऱ्या पेशी हे शब्द सगळ्यांचे झालेत. पण माझं निम्मं काम स्ट्रोमावर आहे, आणि तिथे गाडी अडते. म्हणून मामा-मावश्यांसाठी आणि इथे नेमाने येणाऱ्या ब्लॉगकर मंडळींसाठी आज ही गोष्ट सविस्तर लिहितेय.

स्ट्रोमा हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ अंथरूण. अवयवातल्या मुख्य पेशींना धरून ठेवणारं जे तंतूंचं आणि पेशींचं जाळं असतं, ते म्हणजे स्ट्रोमा. नावातच कमीपणा आहे बघा! अंथरुणाकडे कोण लक्ष देतं?

एका माणसाने दिलं. स्टीफन पॅजेट, लंडनचा सर्जन. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. यकृतात गाठी होत्या २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं, मग हा फरक का? १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याने मांडलं, की कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या सगळीकडे उधळल्या जातात, पण मानवेल त्याच जमिनीत रुजतात. बियांचा अभ्यास सगळे करतात, जमिनीचाही व्हायला हवा, असं त्याचं म्हणणं. पुढची कित्येक दशकं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आपल्याकडे जमीन समजायला कर्करोगाची गरज नाही म्हणा. नीरा डावा कालवा आल्यावर बारामतीकडे ऊस आला, आणि काही वर्षांत पाणी साचून जमिनी खारावू लागल्या. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर अहवालच लिहिला. बेणं तेच, पाणी मुबलक, पण जमीन बिघडली की पीक नाही. मान तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात होते.

त्याच महाविद्यालयात पुढे कमल समर्थ नावाची मुलगी शिकली. जन्म पुण्याचा, १९१७ चा, शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. एम.एस्सी.ला तिने अभ्यास केला सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा. याच पुढे डॉ. कमल रणदिवे. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे. हेला पेशी वाढवणारे तेच हे गाय. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवायचं तंत्र कमलताई तिथून शिकून आल्या आणि मुंबईच्या कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी जे काम केलं, त्यात एकट्या पेशीचा दोष शोधत बसल्या नाहीत. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध पाहिला. म्हणजे बी आणि जमीन, दोन्ही. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

काचेच्या भांड्यानेच अंथरुणाचं महत्त्व सिद्ध केलं, ही यातली गंमत. अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी नुसत्या वाढवल्या तर त्या टिकत नसत. १९७७ च्या सुमारास मँचेस्टरच्या डेक्स्टरने दाखवलं, की आधी भांड्याच्या तळाला स्ट्रोमाच्या पेशींचा थर बसू दिला, की त्यावर रक्तपेशी कित्येक आठवडे बनत राहतात. मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन याच मज्जेतल्या स्ट्रोमापेशींचा त्याआधीपासून पाठलाग करत होते.

आता अवधाणाकडे येते. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण येतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ती सुजलेली लसिका ग्रंथी. १८९७ च्या प्लेगात लोकांनी धास्तीने चाचपल्या त्या गाठी याच. ग्रंथीच्या आत फायब्रोब्लास्ट पेशींचं जाळं असतं. त्या पेशी रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना वाट दाखवतात. संसर्ग झाला की जंतूची बातमी घेऊन येणाऱ्या डेंड्रिटिक पेशी या जाळ्याला सैल व्हायचा इशारा देतात, मग ग्रंथी फुगते आणि आत हजारो नव्या पेशींना जागा होते. ही गोष्ट २०१४-१५ मध्ये उलगडली. म्हणजे अंथरूण नुसतं पडून नसतं, पाहुणे आले की ते स्वतः ऐसपैस होतं!

हेच जाळं कर्करोगाच्या गाठीत मात्र उलटू शकतं. गाठीभोवतीचे फायब्रोब्लास्ट दाट कुंपण घालतात आणि पांढऱ्या पेशी बाहेरच ताटकळतात. पांढऱ्या पेशींचे ब्रेक काढणाऱ्या औषधांच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. काहींना या औषधांनी जीवदान दिलं, पण पुष्कळ रुग्णांना उपयोग होत नाही, आणि त्याचं एक कारण हे कुंपण. ब्रेक काढले तरी रस्ताच बंद, मग गाडी जाणार कुठे?

नातेवाइकांत कुणाला कर्करोग झाला की मला फोन येतो, ‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यायचं?’ या प्रश्नामागची भीती मला कळते. पण शक्ती पुष्कळदा असतेच, तिला आत जायला वाट नसते. ती वाट काढ्याने किंवा गोळ्यांनी मोकळी होत नाही, म्हणून चालू उपचार सोडून त्यांच्या मागे लागू नका. खारावलेल्या रानात नुसती खतं ओतून भागत नाही, आधी चर काढावे लागतात. शरीरातले चर कुठे नि कसे काढायचे, ते जगभरच्या प्रयोगशाळांत शोधणं चालू आहे. माझं काम म्हणजे त्यातली एक कुदळ, इतकंच.