धूळपाटी ते काचेची पाटी

माझे आजोबा अर्धापुरात अक्षर शिकले ते धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजी बोट धरून अक्षर काढून घेत, मूल ते गिरवी आणि गिरवताना मोठ्याने म्हणे. मग तळहाताने पुसायचे आणि पुन्हा काढायचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द मराठीत कोणत्याही विद्येच्या आरंभासाठी रूढ झाला, तो याच फळीवरून. आज माझा साडेतीन वर्षांचा नातू त्याच घरात मोबाइलच्या काचेवर बोट ठेवतो आणि आतून आवाज येतो, ‘अ अननसाचा’. भोवती केळीच्या बागा असलेल्या या गावात त्याने अननस पाहिलेला नाही. एक दिवस त्याने मला विचारले, “आजोबा, ह्याच्यात कोण बोलायलंय?” त्या प्रश्नाचा माग घेता घेता हा लेख झाला.

धूळ आणि काच यांच्यामध्ये सव्वादोनशे वर्षांचा प्रवास आहे आणि त्याची एक फेरी थेट इंग्लंडपर्यंत जाते. मद्रासच्या लष्करी अनाथालयाची शाळा अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे होती. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचे, ही तिची दुसरी बाजू. 1797 साली त्याने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे तबक आले. कागद महाग होता, वाळू फुकट होती. म्हणून ही रीत पसरली. आपल्याकडे मात्र दगडी पाटी आली, छापील अंकलिपी आली आणि धूळपाटी मागासलेपणाची खूण ठरली. अंकलिपीने अक्षराला चित्र जोडले हा मोठा लाभ होता. पण अक्षर शिकणे बोटाकडून डोळ्याकडे सरकले.

ते पुन्हा बोटाकडे आणले मारिया माँटेसरी यांनी. जानेवारी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. मूल त्यावरून बोट फिरवते आणि त्याचा ध्वनी उच्चारते. मग सुटी अक्षरे जुळवून मनातला शब्द मांडते. मूल आधी लिहिते आणि त्यातून वाचन आपोआप उमलते, असे त्यांचे निरीक्षण होते. इटालियन भाषेला एकवीस अक्षरे पुरतात. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी. त्यातही ‘कि’ मधली ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. मुलाचा गोंधळ होतो, त्यात बुद्धीचा दोष नसतो. ही पद्धत जशीच्या तशी उचलून भागणार नव्हते.

तिला आपल्या मातीत रुजवले गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दोघांनी एकत्र काम केले आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. ताराबाई 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा परिसरातल्या वस्तू साधने झाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वारली मुलांमध्ये चालले. त्यांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. साधन स्वस्त करणे हे अर्धेच काम होते. अक्षराला मुलाच्या घरचा आवाज देणे, हे उरलेले अर्धे.

हे उरलेले अर्धे राहून गेले तर काय होते, ते मराठवाड्याने भोगले आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत आमच्यावर निजामाची राजवट होती आणि सरकारदरबारी उर्दू. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. आजोबांना मराठी अक्षर आले ते धूळपाटीवर. पुढच्या शिक्षणाची भाषा घरात कुणी बोलत नव्हते. त्यांचे शिकणे तिथेच थांबले. त्यांना साधन मिळाले होते, आवाज परका होता.

पडद्याच्या युगातही हाच धडा पुन्हा मिळाला. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून एक साधी कल्पना तपासली. गाणे ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याखाली दाखवायचे आणि सूर पुढे सरकेल तसा शब्दाचा रंग बदलायचा. 1999 मध्ये गुजराती ‘चित्रगीत’ कार्यक्रमात ते झाले; पुढे झी टॉकीजवर मराठी चित्रपटांनाही अशी अक्षरे आली. गाणे आधीच पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द कानात तयार असतो आणि डोळा तो नकळत ओळखतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले आणि मुलांच्या घरच्या कानडीतून मजकूर तयार केला. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा कोडची झाली. माझ्या मते मोल कानडीचे जास्त होते.

आमच्या गल्लीत मराठी, दखनी आणि गोरमाटी या तीन बोली रोज ऐकू येतात. मोबाइल त्यातली एकही बोलत नाही. त्याची काचही गुळगुळीत आहे. बोट त्यावरून घसरते, गिरवत नाही. म्हणून तो फेकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. त्याच यंत्रात आजीचा आवाज भरता येतो आणि घरच्या झाडाचा फोटोही घालता येतो. धूळपाटीवरच्या पंतोजींना जे येत होते, ते यंत्राला शिकवणे आपल्या हातात आहे.

नातवाच्या प्रश्नानंतर पत्नीने परातीत रवा पसरला, त्याचे बोट धरले आणि ‘केळं’ लिहिले. दोघांनी मिळून ते मोठ्याने म्हटले. आठवड्याने नांदेड रस्त्यावर केळीच्या गाडीवरची पाटी पाहून तो ओरडला, “क!” पुढचे अक्षर त्याला आले नाही. घरी आल्यावर त्याने स्वतःच परात मागितली.